मोडलेली भाकरी

आमच्या चर्चच्या प्रीतिभोजनात भाकरी वाढायचं काम चर्चचा राखणदारच करतो आणि एकही भाकरी अख्खी वाढत नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या दोघांत एक मोडतो. चुरा सतरंजीभर होतो आणि झाडायला मी असते.

“अहो, अख्खी वाढा की,” मी दरवेळी सांगते.

“व्हय वैनी,” म्हणतो आणि मोडतो. “प्रभूनं शिष्यांस्नी मोडूनच दिलती की.”

गेल्या रविवारी मला एकच जागा उरली होती, जाऊबाईंच्या शेजारी. घराच्या वाटणीपासून दोन वर्षं आम्ही बोलत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

“मला वेगळी द्या,” मी म्हणाले.

“आधी ही तर खावा,” म्हणत त्यानं मोडलीच. मोठा तुकडा माझ्या ताटात आला, लहान त्यांच्या. त्या रश्शात बुडवून खाऊ लागल्या. त्यांचा तुकडा दोन घासांत संपला. शेवटी माझ्यातलीच थोडी मोडून मी त्यांच्या ताटात ठेवली.

“पुरे गं,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

वर बघितलं, तर हा टोपली घेऊन तिथंच उभा. पुढची सगळी पंगत भाकरीसाठी ताटकळलेली.

“आता सरका की पुढं,” मी म्हणाले.