चिंधी गुंडाळलेला चमचा

अड्याळला माझ्या माहेरी सेवा म्हणजे माणसाला हलू न देणं. बाबांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, आणि माझ्या मोठ्या भावाला जन्मात पहिल्यांदा मिरवायला काहीतरी मिळालं. रोज कोणी ना कोणी बाबांना पाहायला येई. मग भाऊ त्यांना घरासमोरच्या छपरीत खुर्चीवर बसवी, पाय खाली लोंबते, आणि म्हणे, "हात मांडीवर ठेवा बाबा, मी आहो नं." पाहुणे माना डोलवत, केळी ठेवत, चहा पीत, एकेक इलाज सांगून जात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कबुतराचं रक्त चोळा म्हणणाऱ्यालाही आमच्याकडे चहा मिळाला.

भंडाऱ्याच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं ते सोपं होतं. पाय उशीवर उंच ठेवा, हात लोंबू देऊ नका, कूस बदलत राहा, सांधे हळूहळू हलवा, बोटं उघडा. नाहीतर सूज साचते, सांधे आखडतात. यात न कळण्यासारखं काय आहे? पण यात कोणाला मिरवता येत नव्हतं. मी बोटं उघडायला बसले की आत्या पदर डोळ्याला लावी. "बापाले कायले छळून राहिली वं?"

बाबांना एकच पाहिजे होतं, आपल्या हातानं जेवायचं. बोलणं तुटकं झालं होतं, पण ताट आलं की ते उजव्या हाताकडे बघत बसत. मी चमच्याच्या दांड्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून जाड मूठ केली. रोज बोटं उघडून उघडून तो चमचा हातात बसू लागला. वरण हनुवटीवर यायचं, भात सांडायचा, आणि बाबा खूश असायचे. भाऊ तोंड फिरवायचा.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला जवाहरनगरला माझ्या घरी जावं लागलं. "तू जाय बिनधास्त," भाऊ म्हणाला. मी गेले, हीच माझी अक्कल.

महिन्याभरानं परत आले तर छपरी पाहुण्यांनी भरलेली. बाबा खुर्चीवर, दोन्ही घोटे सुजून दिसेनासे झालेले, बोटानं दाबलं की खळगा राहत होता. हाताची मूठ मिटलेली. भाऊ घास भरवत होता, नजर पाहुण्यांकडे. बाबा तोंड उघडत नव्हते.

"चमचा कुठं आहे?"

"ठेवला वर. सांडतात ते. चारचौघात बरं दिसते का?"

थू असल्या बरं दिसण्यावर.

मी वरच्या फळीवरून चमचा काढला, बाबांच्या पायाखाली स्टूल आणि उशी सरकवली. कोमट पाण्यात त्यांचा हात बुडवून एकेक बोट सोडवायला लागले. आत्या रडायला लागली, मी बघितलंही नाही. बाबांना दुखत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. दुखलं की मी थांबत होते, पण त्यांनी हात मागे ओढला नाही. बोटं अर्धीच उघडली. चमचा वाकडा बसला. पहिला घास भावाच्या पांढऱ्या पँटवर सांडला.

"आणा इकडे, मी भरवतो," भाऊ पाहुण्यांकडे बघून हसला.

बाबा सावकाश म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू... हात... मांडीवर ठेव."

भावानं ठेवला, आणि बाबा जेवायला लागले.