आत्याची कॅप्सूल

माझी आत्या चौतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली. चारशेच्या वर अंतर्गत नंबर तिला तोंडपाठ होते. छापील यादी टेबलावर असायची, पण तिच्यावर आत्या चहाचा कप ठेवायची. लोक तिला ‘डिरेक्टरी’ म्हणत आणि ते तिला आवडायचं. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या घरी राहायची आणि कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. एका सकाळी ती कुणाला न सांगता निघाली, बसने रुग्णालयात गेली आणि थेट आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली. नवी ऑपरेटर हात धुवायला गेली होती. ती परत येईपर्यंत आत्याने तीन फोन जोडून दिले होते. तिन्ही बरोबर. वर त्या मुलीलाच विचारलं, “तू कोण गं? माझ्या ड्यूटीत इथे काय करतेस?”

घरात हलकल्लोळ माजला. बाबांनी तिच्याकडच्या घराच्या किल्ल्या काढून घेतल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना आत्या म्हणाली, “दादा, मी विसरते, हे कबूल. पण विसरणं हा काही गुन्हा नाही. किल्ल्या दे.” बाबा जेवतच राहिले. तिने ताट बाजूला सारलं आणि उठली. दिवे लागायच्या आत किल्ल्या तिच्या हातात होत्या.

तपासण्या झाल्या. विस्मरणाचा आजार, पहिली पायरी. त्याच रुग्णालयात एक तरुण डॉक्टर एका औषधाची चाचणी घेत होती. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या पानांचा अर्क कॅप्सूलमधून द्यायचा.

“उंदरांच्या मेंदूतल्या पेशी या अर्काने जास्त टिकलेल्या दिसल्या,” ती म्हणाली. “माणसांत काय होईल, ते माहीत नाही. निम्म्या लोकांना अर्क मिळेल, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय मिळालं, हे वर्षभर मलाही कळणार नाही.”

बाबांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. आत्याने तो परत ओढून घेतला. “सही मी करणार. माझं नाव मला अजून येतं.” मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, “‘माहीत नाही’ असं तोंडावर सांगणारी डॉक्टर मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली. दे कॅप्सूल.”

दर महिन्याला परीक्षा असायची. दहा शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. पहिल्या महिन्यात आत्याला चारच आठवले. घरी आली तीच तणतणत. “मला? चार?” दुसऱ्या दिवसापासून तिने इमारतीतल्या सगळ्यांचे, अगदी प्लंबर-दूधवाल्याचेही नंबर पाठ करायला घेतले. रोज पाच नवे. प्लंबर हवा असला की शेजारीण मोबाईलमध्ये न शोधता आमच्या दारात उभी राहायची. चुकला नंबर की आत्या स्वतःवरच खेकसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सहाव्या महिन्यात तिने सात शब्द सांगितले.

बाबांना आकाश ठेंगणं झालं. “पानांची कमाल!” असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. ती बातमी फिरत फिरत पानांचं टॉनिक विकणाऱ्या एका माणसापर्यंत गेली. तो कॅमेरा घेऊनच घरी आला. “मावशी, बाटली हातात धरून एवढंच म्हणायचं: माझी आठवण परत आली.”

“मला अर्क मिळतोय की पीठ, तुम्हाला ठाऊक आहे?”

“फरक तर दिसतोय ना, मावशी!”

“एक फोन बरोबर लागला म्हणून सगळी लाइन दुरुस्त झाली असं कुणी म्हणतं का?” आत्या उठून उभी राहिली. “आणि मी तुमची मावशी नाही. विसरणाऱ्या माणसाला गंडवणं सोपं वाटलं होय? निघा.”

बाबा म्हणाले, “अगं, त्याने काय बिघडलं असतं?” त्यावर आत्या चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, पण ती बहुतेक भांडण विसरली म्हणून.

वर्ष संपलं आणि कुणाला काय मिळालं, त्या याद्या उघडल्या. आत्याला पीठ मिळालं होतं.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टर जपून बोलत होती: अर्क मिळालेल्यांपैकी काही जण थोडे बरे टिकलेत, पण माणसं कमी होती, त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, आणखी मोठी, दोनशे जणांची चाचणी हवी. आत्या मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “म्हणजे ते सात शब्द माझे होते! पिठाचे नव्हते, पानांचेही नव्हते!”

“सरावानेही आकडा वाढतो,” डॉक्टर म्हणाली. “पण आजार थांबलेला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.”

“मी कुठे म्हणते थांबलाय? पण मी का थांबू? नव्या चाचणीत मला घे.”

वयाच्या नियमात ती बसत नव्हती. आत्याने बरीच हुज्जत घातली, पण नियम काही बदलला नाही. “बरं,” ती शेवटी म्हणाली, “मग तुझ्या दोनशे विसरभोळ्यांना रोज कॅप्सूलची आठवण कोण करून देणार?”

अशी ती पुन्हा फोनवर बसली, आठवड्यातून तीन सकाळी, वाट्याला आलेली वीस नावं घेऊन. आता तिला यादी लागायची, आणि ती यादीवर बोट ठेवून बोलायची. आजार पुढे सरकतच होता. मला ती कधी कधी डॉक्टरच्या नावाने हाक मारायची. “आता पुरे कर,” बाबा म्हणायचे. “तू पुरे कर,” ती म्हणायची.

परवा मी तिच्याशेजारी बसले होते. फोन लागला, पलीकडून आवाज आला, आणि आत्याचं बोट यादीवरून घसरलं. मी मदतीला पुढे झाले, तर तिने हातानेच मला अडवलं.

“हे बघा,” ती फोनमध्ये ठणकावून म्हणाली, “मी कुणाला फोन केलाय, ते विसरले. तुम्हीच सांगा, तुम्ही कोण?”

पलीकडचे आजोबा म्हणाले, “थांबा हं, बायकोला विचारतो.”

दोघंही खो-खो हसत सुटले. मग आजोबांनी नाव सांगितलं, पाणी मागवलं, कॅप्सूल घेतली, आणि आत्याने त्यांच्या नावापुढे ठसठशीत खूण केली.

“बघतेस काय?” ती मला म्हणाली. “पुढचा नंबर सांग.”