तुडुमाची तीन कुलपं

माझं माहेर आणि सासर एकाच तलावाचं पाणी पितं. सासर तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला लागून, माहेर पाटाच्या शेवटाला, मध्ये आणखी एक गाव. सोयरीक जुळवताना हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, पण धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागलं की पाण्यावरून मी दोन्हीकडून वाईट होते.

तलाव आमचा, हे मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ठाम मत. तुडूम म्हणजे पारीतलं पाणी सोडायचं दार. ते त्यांच्या हुकमाशिवाय हलत नसे. मी सिहोऱ्याला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. सार्वभौमत्वाचा धडा आला की मला पुस्तकातला राजा दिसतच नाही, पारीवर सुपारी चघळत बसलेले मामाजी दिसतात.

मागच्या वर्षी त्याच धड्याला एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपला थोडा हक्क दुसऱ्याले देल्ला, त देश लहान होते काय?" मी ऐटीत सांगितलं की आता नद्यांचे, धुराचे, रोगराईचे नियम देश मिळून करतात, आणि मोठ्या देशांना नकाराधिकारही असतो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं.

त्याच ऐटीत मी तिन्ही गावांच्या बैठकीत अक्कल पाजळली. तुडुमाला एक साखळी, साखळीला तीन कुलपं, प्रत्येक गावाची किल्ली वेगळी. तिघं आल्याशिवाय पाणी सुटणार नाही. सगळ्यांना लगेच पटलं. पटणारच, प्रत्येकाला अडवायचा हक्क मिळाला होता.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. एका सकाळी माहेरून दादाचा, माझ्या भावाचा, फोन आला. "बाई, धान निसवून राहिलं अन् बांध्याईत भेगा पडल्या. आज पाणी नाही सुटलं त सारं पोचट जाते." माहेरच्या गावाची किल्ली त्याच्याकडंच होती. फोन ठेवून तो किल्लीसकट पारीवर हजर झाला. मामाजीही कुरकुरत आले. मधल्या गावाचा किल्लीवाला मात्र वरठीला, पोलादाच्या कारखान्यात ड्यूटीवर, आणि किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दादानं दगड उचलला. मामाजींनी त्याचा हात धरला.

"दुसऱ्या गावाचं कुलूप हाये ते. तोडाचं नाही."

"मंग मी जातो वरठीले," मी म्हटलं.

"एकटी काहून जातं? मी येतो."

सुनेच्या स्कूटीला आजवर हातही न लावलेले मामाजी मागे बसले. तुमसर, मोहाडी करत वरठीपर्यंत त्यांचं एकच चालू होतं: हळू चाल, ट्रक येऊन राहिला, हॉर्न वाजव. कारखान्याच्या फाटकावर तो माणूस हेल्मेट घालूनच बाहेर आला.

"काका, तुमी? अन् स्कूटीवर?"

"काय करू बाबू? तलाव माह्या अन् किल्ली तुह्या कमरेले," मामाजी म्हणाले, आणि स्वतःच खदखदून हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मीही पोट धरून हसले.

दुपार कलायच्या आत आम्ही परतलो. तिन्ही कुलपं निघाली. पाटातून पाणी धावलं आणि त्याच्या पुढे अनवाणी दादा धावला. मधल्या गावानं पाणी कुठंच अडवलं नाही. पारीवर उभी राहून मी आनंदानं रडले, ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी तुमसरला जाऊन आपल्या कुलपाच्या दोन जादा किल्ल्या करून घेऊन आले. एक मधल्या गावाला देऊन आले, दुसरी माझ्यापुढं धरली.

"हे तुह्या दादाले दे. दरखेपी कोण बसते त्या स्कूटीवर!"

"मग तलाव कोणाचा, मामाजी?"

"आमचाच. कुलूप आमचंच हाये ना."

महिन्याभरात बाकी दोन्ही गावांनीही तसंच केलं. मामाजींनी दिलेली किल्ली दादाकडं नेण्याआधी मी वर्गात नेली, सगळी हकिकत सांगितली आणि देश लहान होतो का विचारणाऱ्या त्या मुलीच्या तळहातावर ठेवली. तिनं ती बराच वेळ परत दिली नाही.