उजव्या चाकाची पिन

हे सुलभाला, माझ्या बायकोला, मी अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या कुणालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या सानगडी गावचे नाही, म्हणून.

मी संशयी माणूस आहे. बियाण्याचं दुकान चालवतो, आणि दुसऱ्यानं तोललेलं पोतं पुन्हा तोलल्याशिवाय मला चैन पडत नाही. सात वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालं. साकोलीच्या मिस्त्रीनं चाक हलवून दाखवलं — दोन्हीकडचे टाय रॉडचे जॉइंट, म्हणजे चाक वळवणारे सांधे, झिजले होते. मला वाटलं, हा फसवतोय. मी सामान विकत आणलं आणि अंगणात जॅक लावून स्वतःच बसलो.

काम जमलं. म्हणजे — जवळजवळ. जुने सांधे हातोडीनं ठोकून काढले, नवे बसवले, नट आवळले. त्या नटात एक बारीक पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात, नट फिरून सुटू नये म्हणून. डावीकडे घातली. उजवीकडची सापडेना. मला काय वाटलं असेल? दुकानदारानं दिलीच नाही, हेच. नट तर घट्ट आहे, पिन उद्या आणू, असं ठरवलं.

उद्या गेलो का? नाही. परवाही नाही.

सुलभा तेव्हा नुकती गाडी शिकली होती. आजूबाजूच्या गावांत ती शिवणकाम शिकवायला जायची. पूर्वी बससाठी तासभर फाट्यावर उभी राहायची. आता खिडकीची काच खाली करून स्वतः निघायची. तिचा आनंद मला दिसत होता. खरं सांगू? तो मला खुपतही होता. कुठे थांबते, इतका वेळ का लागतो — असलं काहीबाही मनात यायचं.

दहा-बारा दिवसांनी ती म्हणाली, "आवो, स्टेअरिंग हातात थरथरून राहिली जी. एकदा पाहून घ्या ना."

मला पिन तेव्हाच आठवली. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "गाडी बरोबर आहे. तुझाच हात बसला नाही अजून."

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवरून जाताना उजवं चाक आपोआप बाहेर वळलं. गाडी उतारावरून खाली गेली आणि धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रुतली. लोकांनी सुलभाला बाहेर काढलं. मी पोहोचलो तेव्हा ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. मी आधी तिच्याकडे गेलो नाही. आधी चाकाखाली वाकलो. सांधा सुटून लोंबकळत होता. नट नव्हता.

मग मी उठलो आणि लोकांना म्हणालो, "नवीन शिकली आहे. ब्रेक सोडून दुसरंच दाबलं असेल." चाकाचं कुणीतरी विचारलं. म्हणालो, आदळल्यानं तुटलं.

सुलभा ऐकत होती. म्हणाली, "चुकलं असन माझं."

गाडी त्याच मिस्त्रीकडे ओढून नेली. त्यानं रिकाम्या भोकावरून अंगठा फिरवला. "भाऊ, याची पिन?"

"पडली असेल," मी म्हणालो. त्यानं अंगठा फडक्याला पुसला. त्यानंतर मी त्याच्याकडे कधी गेलो नाही. बाजारात दिसला की गल्ली बदलतो.

मनगट जुळलं, पण वाकडं. जाड कापडावर तिला कात्री दाबता येत नाही. शिकवणं सुटलं. स्टेअरिंगला तिनं पुन्हा हात लावला नाही. लग्नकार्यात ती स्वतःच सांगते, "मी तर गाडी बांधीत रोवली होती," आणि सगळे हसतात. मीही हसतो. पण सांगता सांगता ती कधी माझ्याकडे पाहते — नुसतं पाहते की तपासते? मिस्त्री तिला कुठे भेटला असेल का? विचारू कसं? विचारणं म्हणजे सांगणंच.

गेल्या महिन्यात आमची मुलगी, नुकती अठराची झालेली, गाडी शिकायला बसली. मीच चावी दिली होती. सुलभा घरातून धावत आली. दार उघडून म्हणाली, "उतर माय. आपल्या हाताले नाही जमत हे. मले विचार."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं. मी तिथेच उभा होतो, दोन पावलांवर.

ती उतरली. चावी माझ्या हातात दिली. आम्हाला तुमसरला जायचं होतं. दोघी मागे बसल्या, आणि सबंध रस्ताभर सुलभा तिला समजावत राहिली — आपला हात एकदा चुकला की गाडी कशी जाते, कुठे जाते. मी समोर पाहत गाडी चालवत राहिलो.