मॅनेज करणारे साडूबुवा

मला ‘मॅनेज’ या शब्दाची किळस येते. त्यापेक्षा शिवी परवडली. शिवी देणाऱ्याच्या पोटात काय आहे ते निदान कळतं तरी! आमच्या नात्यात हा शब्द आणला तो साडूबुवांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. ते चौदा वर्षं एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक आहेत आणि मी प्लंबर. ते खुर्चीत, मी नळाखाली, म्हणून त्यांनी बोलायचं आणि मी मान डोलवायची, अशी आमच्या घरातली रीत.

त्यांचं इंग्रजी यथातथाच. पण हे एक क्रियापद हाताला लागलं आणि माणसाने त्यावर अख्खा जन्म काढला. आपल्याकडे शब्दांना काय तोटा आहे? पाहुणे वाढले तर आपण भागवून नेतो. वाईट दिवस निभावतो, भांडण मिटवतो, म्हातारं माणूस सांभाळतो, साहेबाला पटवतो, चूक झाकतो, नको ते काम पुढे ढकलतो. तोंडातून शब्द निघतानाच कळतं, आपण पुण्य करतोय की पाप. साडूबुवांनी ही कटकटच ठेवली नाही. सांभाळलं तरी मॅनेज, झाकलं तरी मॅनेज.

कॉलेजात हजेरी मॅनेज केली. लग्न ठरताना सुटलेली नोकरी मॅनेज केली, म्हणजे सांगितलीच नाही. त्यांचे वडील महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा हे गेले एकदाच. पण एका दुपारी तीन शर्ट बदलून बापाच्या उशाशी तीन फोटो काढून घेतले आणि तीन आठवडे नातेवाइकांना पाठवत बसले. मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

वागणं मात्र असं गोड की विचारू नका. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय बोलणार नाहीत. त्यालाच भुलून सासरे गेल्यावर सासूबाई त्या आश्रमात राहायला गेल्या. “लेकींना ओझं नको, आणि जावई तिथेच आहेत की,” म्हणाल्या.

मागच्या महिन्यात बायको त्यांना भेटून आली ती रडवेली होऊन. आईचं पोट चार दिवस बिघडलंय, उठवत नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. सासूबाई चादरीत दिसेनाशा झाल्या होत्या, ओठ सुकलेले. उशाशी पाण्याचा जग, त्यात लिंबाच्या फोडी. समोरच्या खोलीतही तसाच जग, तिच्या पुढच्याही. जो माणूस म्हाताऱ्यांच्या चहात साखर मोजून घालायला लावतो, तो खोलीखोलीत लिंबू वाटतोय? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जग नाकाशी नेला, लिंबाआडून कुजका वास आला आणि मी सरळ गच्चीवर टाकीपाशी गेलो.

टाकीचं झाकण अर्धं फुटलेलं, त्यावर पोतं टाकलेलं. पोतं उचललं. एक कबुतर फुगून तरंगत होतं. दुसऱ्याचं उरलं होतं ते पाइपाच्या तोंडाशी अडकलेलं, पिसं आणि हाडं. वीस वर्षं मी लोकांची गटारं उपसतोय, पण त्या दिवशी कठड्याला धरून भडाभडा ओकलो.

खाली साडूबुवा खुर्च्या मांडून घेत होते. दुसऱ्या दिवशी विश्वस्त पाहणीला येणार होते.

“माहितीये रे मला,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “ब्लीचिंग टाकलंय, तुरटी फिरवली, वास येऊ नये म्हणून लिंबू सुरू केलं. आता टाकी रिकामी केली तर उद्या संडासात पाणी नाही, लगेच चौकशी होईल. ते येऊन जाऊ देत, मग धुऊ. एक दिवस मॅनेज कर.”

“आई अंथरुणाला खिळल्यात!”

“वय झालं रे. या वयात पोटं बिघडतातच.”

“आणि तुम्ही कुठलं पाणी पिता?”

त्यांनी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. “मी घरून आणतो. मला इथलं बाधतं.”

बाधतं! एवढंही या माणसाला कळत होतं! मला त्यांच्या त्या इस्त्रीच्या शर्टाची, खांद्यावर ठेवायच्या त्या हाताची शिसारी आली. बावीस म्हातारी माणसं हे पाणी आणखी एक दिवस पिणार होती, आणि त्यांतली एक माझ्या बायकोची आई होती. मी पाना घेतला, वर गेलो आणि टाकीचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

“अरे, नोकरी जाईल माझी!” साडूबुवा जिन्यातून ओरडत होते. जाऊ दे, म्हटलं. अंगणातल्या खुर्च्यांखालून ते घाण पाणी वाहत गेलं आणि मी ते संपेपर्यंत तिथून हललो नाही.

बायकोने तोवर समोरच्या घरातून पाणी उकळून आणलं होतं. सासूबाईंना उठवून बसवलं आणि मी सगळं सांगून टाकलं. कबुतरं, पोतं, लिंबू, घरची बाटली. वाटलं, आता तरी थोरल्या जावयाच्या नावाने बोटं मोडतील.

त्या दोन घोट प्यायल्या. “ठाऊक होतं मला,” म्हणाल्या. “महिना झाला. पेल्यात पीस आलं होतं माझ्या.”

“मग बोलला का नाहीत, आई?”

“जावईबापू, त्या नोकरीवर माझ्या लेकीचा संसार आहे. बोललं तर त्यांचं काय राहिलं असतं? सगळ्यांना मीच हात जोडले, नाक दाबून प्या म्हटलं. शेजारचे मास्तर तेवढे ऐकेनात, वर तक्रार करतो म्हणाले. त्यांना शपथ घातली मी.”

“मग?”

“मग काय, प्यायले माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. “परवा गेले ते.”