बडीशेप चघळत गुलटेकडीला

पुण्याला मी तीन आठवड्यांसाठी आले तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. एक कंपनीचं, दुसरं बाबांचं. कंपनीचं काम हिंजवडीत. बंगळूरच्या आमच्या ऑफिसात लिहिलेलं सॉफ्टवेअर इथल्या लोकांच्या गळी उतरवायचं होतं, ते मी चोख केलं. बाबांचं काम त्याहून सोपं होतं. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला भेटायचं आणि तो अजून पितो का, ते बघून नागपूरला कळवायचं. एवढंच. आणि तेच मी घाण करून ठेवलं.

बाबा रेल्वेत फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी नागपुरात छोटंसं घर बांधलं होतं आणि पुढच्याच्या पुढच्या पौर्णिमेला बुद्धवंदना घेऊन आत जायचं ठरलं होतं. आईचं एकच म्हणणं, माझं पोरगं आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. तिनं आयुष्यात एवढा हट्ट कधी केला नव्हता. शेवटी बाबा म्हणाले, सोडली असेल तर येऊ दे. पण सोडली की नाही हे त्याच्या तोंडून नको, कार्टीच्या तोंडून पाहिजे. कार्टी म्हणजे मी.

माझ्यावर एवढा विश्वास का, तर त्याला कारण होतं. आमच्या आजोबांनी सगळ्यांबरोबर बुद्धधम्माची दीक्षा घेतली, पिणं मात्र सोडलं नाही, आणि त्यातच ते गेले. म्हणून बाबांना पंचशीलातलं पाचवं शील जीव की प्राण. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. दर रविवारी विहारात पाचही शीलं म्हणायची आणि आठवडाभर पाळायची, असा आमच्या घराचा कायदा. दादा कॉलेज सोडून कुठेतरी कामाला लागला तेव्हा संध्याकाळी उशिरा यायला लागला. बाबांना वर्कशॉपातल्या पेन्टच्या धुरानं कसलाच वास येईनासा झाला होता. मग ते मला म्हणायचे, जा, बघ. मी दारात जाऊन टाचा उंच करायची आणि दादा वाकायचा. स्वतःहून वाकायचा, माझं नाक पोचावं म्हणून.

तो वेलची खाऊन यायचा, कच्चा कांदा खाऊन यायचा, पेरूची पानं चावून यायचा. मला त्याच्या पलीकडचं कळायचं. कळायचं म्हणजे काय, फुशारकीच होती ती माझी. सगळ्या गल्लीत माझ्या नाकाचं कौतुक. तेरा वर्षांची होते मी. एका संध्याकाळी मी मागे वळून म्हटलं, हो बाबा, येतोय, आणि बाबांनी दादाची पिशवी दाराबाहेर ठेवली. तो पुण्याला गेला. त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

हे सगळं मला माहीत असताना मी त्या शनिवारी वाइन चाखायला गेले.

टीममधल्या कुणीतरी कॅम्पातल्या एका हॉटेलात टेबल लावलं होतं. दुपारी चार ते साडेपाच, सहा वाइन, माहिती सांगायला एक जाणकार. नाही म्हटलं असतं तर कुणी आग्रह केला नसता. त्या मुलांना माझं काय पडलेलं! पण मला बघायचं होतं. एकतीस वर्षांची झाले, पगार बाबांच्या स्वप्नातही नव्हता इतका, आणि अजून ग्लासाला हात लावलेला नाही, याची मला कुठेतरी लाज वाटायला लागली होती. हेही खरंच सांगून टाकते. आणि मी पळवाट आधीच शोधून ठेवली होती. चाखणारे लोक घोट गिळत नाहीत, मधल्या भांड्यात थुंकतात, असं मी वाचलं होतं. थुंकलं म्हणजे प्यायलं नाही. प्यायलं नाही म्हणजे शील मोडलं नाही. असला हिशेब आमच्यासारख्या घरातलीच मुलगी करू जाणे.

जाणकार म्हणजे साठीचे एक पुणेरी गृहस्थ निघाले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज भूमितीच्या मास्तरांचा. सुरुवातीलाच म्हणाले की ज्यांना घाई आहे त्यांनी बाहेर उसाचा रस घ्यावा, तो छान असतो. ग्लास दांडीला धरायचा, पोटाला नाही. आधी बघायचं, मग फिरवायचं, मग हुंगायचं, आणि तोंडात घ्यायची वेळ सगळ्यात शेवटी. एकानं गटकन संपवली तर त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, आपली बस आहे का?

पहिली पांढरी होती. कसला वास येतो, त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं आंबट, कुणी म्हणालं लिंबू. मी ग्लासात नाक घातलं आणि मला इतकं स्पष्ट कळलं की मी हात वर करायलाही थांबले नाही. पेरू, मी म्हटलं. पिकलेला नाही, हिरवा. आणि पान चुरगळल्यावर येतो तसा.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाई, नाक चांगलं आहे तुमचं, कुठे शिकलात? मी हसले. सगळे हसले. काय सांगणार होते?

पहिली मी थुंकले. दुसरीही थुंकले, रुमाल तोंडाशी धरून, कारण असं चारचौघांत थुंकायची सवय कुठे असते आपल्याला. तिसरी लाल होती. तिच्यात मला जांभूळ सापडलं, मग पाट्यावर मिरी ठेचल्यासारखं काहीतरी, आणि त्याच्याखाली ओलं लाकूड. प्रत्येक शब्दाला ते गृहस्थ मान डोलवत होते आणि बाकीचे माझ्याकडे वळून बघत होते. ती तिसरी मी गिळली. चुकून नाही. ती थुंकावीशी वाटली नाही म्हणून. घशातून उतरताना ऊन ऊन लागली आणि मला फार, फार छान वाटलं. मग चौथी, पाचवी, सहावीला मी भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाइनपेक्षा ते कौतुक मला चढलं असणार. तेरा वर्षांच्या त्या पोरीला दारात उभं राहून जे वाटायचं, हुबेहूब तेच होतं, आणि तेव्हा मला त्याची शरमही आली नाही.

साडेपाचचे सहा कधी झाले कळलं नाही. मग घड्याळ बघितलं आणि ताडकन उठले. मार्केट यार्डाला शनिवारी सुट्टी, म्हणून दादानं मला शनिवारची संध्याकाळ सांगितली होती. आणि बाबा बरोबर सात वाजता माझ्या मोबाईलवर फोन करणार होते. निघताना काउंटरवरची बडीशेप मूठभर घेतली. रिक्षात बसून गुलटेकडीपर्यंत मी ती चघळत होते आणि तळहातावर श्वास सोडून बघत होते.

दादा रस्त्यावरच उभा होता. कानाशी केस पांढरे झाले होते. कांदा-बटाट्याच्या आडतीवर तो वजनकाट्यावर काम करायचा, आणि त्याच्या अंगाला कांद्याचा वास होता तो काही सुट्टीच्या दिवशी जात नसणार. एका खोलीचं घर, पण लख्ख. कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती. त्यानं माझ्यासाठी नवी चादर घातली होती. मी बसले, काहीतरी प्रवासाचं बोलले. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि स्टोव्ह पेटवायला वळला. आलं जरा जास्तच किसलं. चहा माझ्या हातात देताना पाठमोरं झाल्यासारखं करून हळूच म्हणाला,

"बडीशेपेनं जात नाही गं ते. मी सगळं करून बघितलंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोच बोलत राहिला, मला बोलायला लागू नये म्हणून. चार वर्षं झाली सोडून, म्हणाला. आडतीवरच्या लोकांनी एकदा उचलून दवाखान्यात नेलं, तिथून आल्यावर सोडली. आईचं गुडघेदुखीचं कसं आहे? नवीन घराला हौद आहे का? पौर्णिमेची सुट्टी त्यानं शेटजींकडे आधीच मागून ठेवली होती. आईसाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं, ते ट्रंकेतून काढून दाखवलं. मी हात फिरवला आणि छान आहे म्हटलं.

सातला फोन वाजला. बाबांना इकडचं तिकडचं बोलायची सवय नव्हती. भेटली का? भेटले. जवळ जाऊन पाहिलं का? मी दादाकडे बघितलं. त्याला पलीकडचं ऐकू येत होतं. तो उठला, माझ्यासमोर आला आणि वाकला. चाळिशीचा माणूस, आता तर मी त्याच्या खांद्याएवढी होते, तरी वाकला.

मला वास आला. दारूचा. आणि तो माझाच होता, माझ्याच श्वासाचा, त्याच्या चेहऱ्यावर आपटून माझ्याकडे परत येत होता. त्याच्यापलीकडे काही आहे की नाही, मला खरंच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

नाही, येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मला माहीत होतं की तो खरं बोलतोय. पण त्या क्षणी डोक्यात काय यावं? पाचवं आज मोडलं, आता निदान चौथं तरी मोडू नकोस. जे नाकाला कळलं नाही ते कळलं म्हणून सांगू नकोस. मूर्ख, मूर्ख बाई! मी म्हटलं,

"बाबा, मला सांगता येत नाहीये."

मग बाबा म्हणाले, "तुला सांगता येत नाही असं आजवर झालं नाही. तू त्याले वाचवून राह्यली. म्हणजे येते वास. समजलो मी."

मी बाबा, बाबा केलं. ऐका तरी, म्हटलं. ते थांबलेही, ऐकायला. तिथे मी एकच वाक्य बोलायचं होतं, की मीच पिऊन आले आहे. जीभ वळली नाही. बाबांनी फोन ठेवला.

मी लगेच परत लावायला गेले, किंवा तसं दाखवलं तरी. दादानं मोबाईलवर हात ठेवला.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "एक तरी पोर राहू दे त्यांना."

मी रडले. त्यानं मला रिक्षात बसवलं, कोथरूडच्या गेस्ट हाऊसचा पत्ता रिक्षावाल्याला दोनदा समजावला. रिक्षा वळली तेव्हा माझ्या मनात काय आलं होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बरं झालं, सुटले. हेच आलं. वाइन पिण्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. ते तीन शब्द मात्र नाही. बाबा आता नाहीत, त्यांच्याशी बोलायची वेळ माझ्यापाशी बरीच वर्षं होती, आणि दर वेळी दादाचं वाक्य मी पुढे केलं, त्यानंच तर नको सांगितलं म्हणून.

गृहप्रवेश ठरल्या पौर्णिमेला झाला, दादाशिवाय. आईनं उंबरा ओलांडला, बाबांनी हात धरून नेलं म्हणून. सगळ्यांबरोबर मी पाचही शीलं म्हटली. नंतर स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून तिनं मला बाजूला घेतलं. बाबांसमोर तिनं हा विषय काढला नव्हता. माझ्याकडे न बघता, पातेलं पुसत पुसत विचारलं,

"खरंच होता का गं वास?"

"होता," मी म्हटलं.

आणि शब्दाला शब्द ते खरं होतं. आईनं मान हलवली, पातेलं गॅसवर ठेवलं आणि खिरीचं दूध ओतायला लागली.