वैजूचा उजवा कौल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या वैजूला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर असलं की या एका बाबतीत माझी दातखीळ बसते – एरवी बडबडीत माझा हात कुणी धरणार नाही.

माझं पुस्तक कदाचित तुमच्या घरी असेल. आठवी-नववीतल्या मुली वाचतात. गोष्टी जुन्याच, पण काळोख्या – राक्षसाच्या घरी नांदायला गेलेली आणि शेवटी त्यालाच शिजवून खाणारी मुलगी. सावत्र आईनं परसात पुरलेली, अबोली होऊन उगवलेली आणि फूल तोडणाऱ्या बोटाला चावणारी मुलगी. शाळांमधून मला बोलावतात. दोन वेण्यांची एखादी उठून विचारते, मॅडम, तुम्हाला हे सुचतं कसं? मी हसते. काय सांगू? मला नाही सुचत. सुचायचं ते वैजूला.

वैजू माझी मैत्रीण, पलीकडच्या वाडीतली. मालवणपासून फार लांब नाही आमचं गाव. परीक्षा संपल्या की आम्ही त्यांच्या बागेत काजू गोळा करायला जायचो. हातानं बोंडापासून बी पिळून काढायची, आणि तोंडानं गोष्ट. तळ्याला पाणी लागेना म्हणून सुनेचा बळी दिला, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. सगळ्यांची तिथंच संपते – पाणी लागतं, गाव सुखी होतो. वैजूची तिथं सुरू व्हायची. सून बुडत बुडत तळाशी जाते, तर आधी बळी दिलेल्या मुली तिथं रांगेनं बसलेल्या, एकमेकींचे केस विंचरत. त्या सरकून हिला जागा करून देतात. आणि मग वर पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला घागरीतून आवाज येतो, "तुका कोणी इचारल्यान काय गो?"

माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. मला तो हवा असायचा – तो काटा, तिचा बसका आवाज, काजूच्या डिंकानं काळी पडलेली तिची बोटं. आजही हवं आहे ते सगळं. वीस वर्षं होऊन गेली, तरी एप्रिल लागला की माझं कशात लक्ष लागत नाही.

बारावीनंतर वैजूला पुण्याला जायचं होतं, मामाकडे राहून शिकायला. मार्क होते. मामा तयार होता. तिचे वडील, आबा, अर्धे तयार होते. आणि आमच्याकडे माणसाचं मन अर्ध्यावर अडलं की पुढचं देवावर सोपवतात. आबा म्हणाले, कौल लावू.

कौल लावणारे माझे बाबा, गावच्या देवळाचे गुरव. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते – देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. आमच्या देवळात दोन्ही बाजूंच्या पाकळ्या दोन वेगळ्या वाट्यांत भिजवायची रीत. आणि घरून त्या वाट्या तयार करून देणं हे माझं काम.

आता येते मुद्द्यावर. टाळत होते, हे कळलंच असेल तुम्हाला.

त्या सकाळी मी उजव्या वाटीत गुळाचा खडा विरघळवला. सुपारीएवढा. एवढंच केलं – बघा, अजूनही 'एवढंच' म्हणतेय. उजवीकडच्या पाकळ्या चिकटून राहाव्यात म्हणून. वैजू जाऊ नये म्हणून. ती गेली तर मला गोष्टी कोण सांगणार? दुसरा विचारच नव्हता. अठरा वर्षांची घोडी होते, तेव्हा लहान होते असं म्हणायचीही सोय नाही.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "चेडवाक शिकूक धाडूचां असात तर उजवो कौल दी, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणाले. वैजू हात जोडून उभी होती आणि उजव्या पाकळीकडे डोळे लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. डावी पडली. वैजू रडली नाही. तिनं देवाला नमस्कार केला. संध्याकाळी उजवीकडच्या पाकळ्यांना मुंग्या लागल्या, तेव्हा बाबा म्हणाले, यंदा फुलं गोड आहेत.

मला गोष्टी हव्या होत्या ना? वैजू राहिली, गोष्टी राहिल्या नाहीत. त्या दिवसानंतर तिनं एकही सांगितली नाही. मी हट्ट केला, चिडले, रुसले. ती म्हणायची, आठवत नाय गो. वर्षभरात तिला वैभववाडीकडे दिली. पुढच्या जूनमध्ये मी पुण्याला गेले – माझ्यासाठी कौल लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिथं मला तिची इतकी आठवण यायची की तिच्या गोष्टी मी वहीत उतरवायला लागले. त्याचं पुस्तक झालं. त्यावर नाव माझं आहे.

या जूनमध्ये तिचा फोन आला. तिची मुलगी बारावी झाली, मुंबईला शिकायला गेली. वैजू अगदी हळू आवाजात बोलत होती, शेजारी देव बसलेला असावा तशी.

"देवाक इचारूक नाय गो मी. तशीच धाडलंय तिका. देव परत नको म्हणालो असतो तर? म्हणान आता सोमवार धरलंय. काय व्हायचां तां माझां होवंदे, चेडवाचां नको."

तिला देवाची भीती वाटत होती. ज्यानं तिला कधीच नको म्हटलं नव्हतं, त्या देवाची. नको मी म्हटलं होतं. हे तिला सांगायला किती शब्द लागले असते? चार? पाच? ती फोनवर होती, घाईत नव्हती, माझं ऐकत होती.

मी विचारलं, उपासाला काय खातेस?

ती म्हणाली, वरी. मग ती वरी कशी शिजवते ते सावकाश सांगत राहिली, आणि मी हं, हं करत राहिले.